दीड इंच माया

डॉक्टर म्हणाले, स्लीव्ह.
तेवढं इंग्रजी मला येतं, मी म्हटलं,
बावीस वर्षं पाचपावलीत ब्लाऊज शिवते.
त्यांनी कागदावर पोट काढलं,
पखालीसारखं, एका अंगाला फुगलेलं,
आणि पेनानं वरून खाली रेघ ओढली:
एवढं ठेवायचं, एवढं कापायचं.
रेघ चांगली होती. हात हलला नव्हता.
मी फक्त विचारलं, माया किती ठेवता?
ते हसले.
त्यांना वाटलं, देवाधर्माचं काही बोलते.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं कापड.
बाळंतपणानंतर बाया येतात,
बगलेतली एक टीप उसवली की अर्धा इंच मिळतो,
कोणाला काही सांगावं लागत नाही.
माझ्या ब्लाऊजांतली माया केव्हाच संपली.
मग मी पट्ट्या जोडत गेले,
आणि स्वतःचं माप टेपनं नाही, नाडीनं घेतलं.
नाडीवर आकडे नसतात.

एकशे सोळा.
धंतोलीच्या काट्यावर नर्सनं मोठ्यानं वाचलं,
बाकावरचे सगळे एकदम मोबाइलात शिरले.
गुडघे आधीच गेले होते,
पायडलचा पट्टा काढून मशीनला मोटर बसवली होती.
रात्री झोपेत श्वास अडकायचा,
मोरेश्वर दचकून उठायचा, मला हलवायचा,
सकाळी त्यावर एक शब्द नाही.
भिशी, दोन पाटल्या,
उरलेले रोशनीच्या पगारातून, हप्त्यानं.

मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
शुद्धीवर आले तर थंडी वाजत होती.
पोटावर पाच काजं, बिनबटणांची.
काढलेला तुकडा कुठे गेला, मी नर्सला विचारलं.
मी चिंधी फेकत नाही,
गोधडीसाठी पोतं भरून ठेवते.
ती म्हणाली, ताई, झोपा.

वरणाचं पाणी, औषधाच्या झाकणानं.
एक झाकण. दहा मिनिटं. एक झाकण.
शेजारच्या खानावळीत सावजी मसाला भाजायचे,
नाक जागं व्हायचं, पोट मुकं.
हे कोणी सांगितलं नव्हतं,
की भुकेचीही आठवण येते.
दुपारी चारला शटर अर्धं ओढून
मी चिवडा खायची, उभ्यानं,
पसाभर, मग अजून पसाभर.
दिवसातली तेवढीच वेळ माझी एकटीची.
आता चार वाजतात
आणि मी नुसती उभी असते.

एकदा चौकात तर्री पोहे घेतले.
तीन चमचे बरोबर गेले, चौथा हौसेचा.
नालीपाशी वाकले तेव्हा
एका रिक्षावाल्यानं बाटली पुढे केली,
काही न विचारता.

बाकी सगळे विचारतात.
काऊन वं बाई, शुगर निघाली का?
बाप्पा, ओळखूच नाही आल्या!
मी सांगते, चालून राहिली अंबाझरीला, रोज पहाटे.
अंबाझरी मी वर्षभरात पाहिली नाही.

फणीत केस येतात, मूठमूठ.
दंडाची कातडी लोंबते,
अस्तर मोठं कापलं गेलं की ब्लाऊज आतून जसा चुरगळतो तशी.
अस्तर मी पुन्हा बेतू शकते.

काल रोशनीनं माझं माप घेतलं. टेपनं.
आकडे मोठ्यानं म्हणत, मुद्दाम.
पोपटी कापड टाकलं, खडू फिरवला,
रेघेबाहेर दीड इंच सोडला.
आई, एवढी माया कशाला? आता काय तू परत...
तिनं वाक्य तिथंच सोडलं.
मी कात्री चालवली,
दीड इंचाच्या बाहेरून.

दुसरी बाही जोडताना लाइन गेली.
कूलर घरघरत थांबला, मोटर थांबली.
खालच्या खणात जुना चामडी पट्टा होता, तो चढवला,
पायडलवर पाय ठेवून पाहिला.
करकरलं.
गुडघा की लोखंड, ते कळलं नाही.